अंगठ्याची नाडी

त्या रविवारी गुंदवलीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एवढी माणसं जमली होती, की खालून जाणाऱ्याला वाटावं, वर कुणाचा तरी साखरपुडा आहे. प्रत्यक्षात अण्णा एका बाकावर चढणार होते आणि उतरणार होते. एवढंच.

बाक अण्णांनीच बनवला होता. गिरणी बंद पडल्यापासून ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते आणि तिथल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी मालकाला विचारून घरी आणल्या होत्या. उंची किती हवी ते त्यांच्या मुलीने, उत्तराने, पट्टी लावून सांगितलं होतं.

"बोटभर कमी-जास्त झाली तर?" त्यांनी विचारलं होतं.

"चाचणी चुकेल, अण्णा."

"बरं बाईसाहेब," म्हणून त्यांनी पुन्हा करवत हातात घेतली होती.

उत्तरा बी.ए. झाली आणि तिने शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात बी.पी.एड.ला नाव घातलं, तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली होती. एवढी पुस्तकं वाचणारी पोरगी शेवटी मैदानात शिट्टी फुंकणार! उत्तराला मात्र पहिल्याच महिन्यात कळलं होतं, की शिट्टी हा त्या शिक्षणाचा सगळ्यात लहान भाग आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकवायला सुहासिनी मॅडम होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्या वर्गाला मैदानाभोवती पळायला लावलं, धापा टाकत आत आणलं आणि विचारलं, "पळणं तर थांबलं. मग आता धापा कशाला टाकताय? फुप्फुसांना अजून कसली घाई आहे?"

उत्तरा तो प्रश्न घेऊन घरी आली. जन्मभर ती धापा टाकत आली होती आणि त्या का, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. वाचनालयातली कपाटंच्या कपाटं तिने वाचून संपवली होती. पण ती पुस्तकं ज्या हातांनी धरली, ज्या डोळ्यांनी वाचली, ते आजवर कुणी तिला वाचायला दिलं नव्हतं. आता ते रोज मिळत होतं. स्नायू थकतो म्हणजे काय होतं, पळताना पोटातलं रक्त पायांकडे कसं वळतं, घाम नुसता आला तर उपयोग नाही, तो वाळला तरच अंग कसं गार होतं. ती रोज घरी यायची ती तोंडात काहीतरी गरमागरम घेऊनच.

आणि अण्णा वाटच पाहत असायचे. कामावरून आले, हातपाय धुतले, की पाटावर बसता बसता म्हणायचे, "हां, बोल. आज काय नवीन?" आज ऐकलेलं उद्या ते कारखान्यात सांगत. कुणी म्हणालं, "पोरगी डॉक्टर होतेय काय रे घाडी?" की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "डॉक्टर आजारी माणसाला तपासतो. माझी पोरगी धडधाकट माणसाला तपासते."

तर त्या रविवारी त्या धडधाकट माणसाची तपासणी होती.

चाचणी तशी सोपी. एका लयीत बाकावर चढायचं, उतरायचं. वर, वर, खाली, खाली. तीन मिनिटं. मग खाली बसायचं आणि नाडी मोजून घ्यायची. नाडी किती चढली याहून ती किती लवकर उतरते, यावरून माणसाचं हृदय कसं आहे ते कळतं. महाविद्यालयात लय द्यायला मेट्रोनोम होता, चावी दिली की ठरावीक गतीने टकटक करणारं यंत्र. चाळीत मेट्रोनोम नव्हता, पण शेजारी धोंडूकाका होते. धोंडूकाका चाळीच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. उत्तराने त्यांना घड्याळ लावून लय शिकवली होती आणि ती त्यांनी अगदी सहज उचलली होती.

"धोंड्या, नीट वाजव हां," अण्णा लुंगी सोडून हाफपँटवर उभे राहत म्हणाले. "पोरीची परीक्षा आसा."

"तू चढ मेल्या. माका शिकवू नको. चाळीस वर्षां टाळ वाजवतंय."

"एकटा वाजवतोयस काय कधी? मागे दहा जण असतात, म्हणून तुझं खपतं."

गॅलरी हसली. उत्तराची आई, वनमाला, दारात उभी राहून तांदूळ निवडत होती. तीही हसली आणि म्हणाली, "गुडघ्याला काय झालं तर मी नाय हां तेल लावणार."

"सुरू!" उत्तरा म्हणाली.

टाळ वाजू लागला. छन्, छन्, छन्, छन्. अण्णा वर, वर, खाली, खाली. पहिलं मिनिट मजेत गेलं. पोरं मोठ्याने लय मोजू लागली. दुसऱ्या मिनिटाला अण्णांच्या कपाळावर घाम चमकला आणि मागच्या खोलीतली शेवंतीमावशी ओरडली, "चढ रे भावा! देवाच्या डोंगराच्या पायऱ्या चढतोयस असं समज!" तिसरं मिनिट सुरू झालं आणि उत्तराच्या कानाला काहीतरी वेगळं लागलं. टाळ घाईत होता. तिने धोंडूकाकांकडे पाहिलं. काकांचे डोळे मिटलेले, मान डोलतेय आणि हात चढत चाललेत. चाळीस वर्षांची सवय! भजन शेवटाकडे आलं की गजर व्हायचा आणि गजराला लय चढायची. काकांच्या हातांना तेवढंच ठाऊक होतं.

"काका, हळू! काका!"

काकांना कुठलं ऐकू येतंय! ते पोचले होते विठ्ठलापाशी. छन्छन् छन्छन् छन्छन्! आणि अण्णा? थांबतील तर ते अण्णा कसले. तेही गजराच्या लयीत धडाधड चढत-उतरत होते, पोरं नाचत होती, बाक दणदणत होता, खालच्या मजल्यावरचं कुणीतरी "छप्पर पाडता काय?" म्हणून ओरडत होतं. उत्तराने घड्याळ उंच धरून "थांबा!" म्हटलं, तेव्हा धोंडूकाकांनी टाळ एकमेकांवर आपटून झकास शेवट केला आणि डोळे उघडून विचारलं, "काय गो, चुकला काय?"

"सगळंच चुकलं, काका!" हसून हसून उत्तराला घड्याळ दिसेना. "चाचणीची वाट लावलीत तुम्ही."

"माझी नाय वाट लागली," अण्णा धापा टाकत म्हणाले. ते बाकावर बसले होते आणि त्यांनी मनगट पुढे केलं होतं. "मोज."

तिने तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. नाडी बोटांखाली उड्या मारत होती. मग, ती बघत असताना, मोजत असताना, शांत होऊ लागली. एवढ्या लवकर उतरेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने पुन्हा मोजलं. बरोबर होतं. चुकीच्या लयीवर, गजराच्या वेगाने चढूनसुद्धा, पन्नाशी ओलांडलेल्या अण्णांचं हृदय तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांहून आधी ठिकाणावर आलं होतं.

तिने मॅडमकडून एक दिवसापुरता आणलेला स्टेथोस्कोप त्यांच्या कानांना लावला आणि दुसरं टोक त्यांच्याच छातीवर टेकवलं. अण्णांचा चेहरा बदलला. वीस-पंचवीस वर्षं ते गिरणीत साचावर, म्हणजे मागावर, होते, त्या खडखडाटात. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"काय ऐकू येतं?"

"साचो चलता," ते म्हणाले. "गिरण बंद पडली, पण ह्यो साचो चालूच आसा गो."

मग सगळ्यांनाच ऐकायचं होतं. गॅलरीत रांग लागली. अण्णांनी तेवढ्यात धोंडूकाकांचं मनगट पकडलं आणि मोठ्या ऐटीत अंगठा दाबून नाडी मोजायला घेतली.

"अंगठा नाही, अण्णा!" उत्तरा म्हणाली. "अंगठ्याने नाडी कधी बघायची नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. दुसऱ्याची समजून आपलीच मोजत बसाल."

अण्णांनी आपल्या अंगठ्याकडे नवलाने पाहिलं. "म्हणजे धोंड्या मेलेला असला, तरी माका जिवंतच लागतलो?"

"तुझ्या तोंडार शिरा पडो," धोंडूकाका म्हणाले आणि गॅलरी पुन्हा फुटली.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर अण्णा बाकावर चहा पीत बसले होते. "काय गो," ते म्हणाले, "एवढा चढलो-उतरलो. शेवंती ओरडली, पोरं ओरडली. तू काय नाय बोललीस?"

उत्तराचं हे दुखणं जुनं होतं. सुहासिनी मॅडम तिला नेमकं हेच सांगायच्या. "तुझी चाचणी शुद्ध असते, उत्तरा, पण मुकी असते. नुसतं घड्याळच हवं असतं तर मी खुंटीवर टांगलं असतं. पाय थकायच्या आधी माणूस कंटाळतो. त्या वेळी तुझा आवाज त्याला वर नेतो. ओरड! शाब्बास म्हण! पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला पाहिजे शब्द." वार्षिक प्रात्यक्षिकात त्याला वेगळे गुण होते. उत्तरा वर्गातल्या मुलींना कशीबशी "छान" म्हणायची. मोठ्या माणसांपुढे तेवढंही निघत नसे.

"मॅडम म्हणतात, शाब्बास म्हणायचं," ती अखेर म्हणाली.

"मग म्हण की."

"तुम्हाला?"

"माका नाय तर काय धोंड्याला? लय बिघडवली त्याने."

"अण्णा, तुम्हाला कसं म्हणू? मोठ्यांना कुणी शाब्बास म्हणतं का?"

खरंच कुणी म्हणत नव्हतं. शाब्बास हा शब्द वरून खाली यायचा. बाप मुलीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, मास्तर पोराला म्हणायचे. खालून वर जायला त्या शब्दाला वाटच नव्हती. अण्णांनाही ते पटलं असावं. ते हसले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझी बाई मार्क कापणार बघ."

"कापू दे."

"नाय कापायचे. पुढल्या रविवारी पुन्हा करू. धोंड्याला सांग, गजर नाय करायचा. तोवर तू तो शब्द पाठ कर."

सोमवारी दुपारी साकीनाक्याला, जेवणाच्या सुट्टीत अण्णा रस्ता ओलांडत असताना, उलट मागे येणाऱ्या एका टेम्पोचा धक्का लागून ते पडले. डोकं पदपथाच्या कडेवर आपटलं. अंगावर दुसरीकडे ओरखडासुद्धा नव्हता.

इस्पितळात ते शुद्धीवर आलेच नाहीत. पण हृदय चालत राहिलं. तो दिवस, ती रात्र, दुसरा दिवस. तरुण डॉक्टर प्रत्येक फेरीला यायचा आणि म्हणायचा, "हार्ट फार चांगलं आहे ह्यांचं." जणू ती आनंदाची बातमी होती. आई, धोंडूकाका, गावाहून निघून आलेले चुलते, सगळे खाटेभोवती उभे होते. उत्तरा अण्णांचं मनगट धरून बसली होती. साचा चालूच होता. डोक्यातले सगळे दिवे गेले तरी चालू होता. तो शब्द तिच्या तोंडापर्यंत आला. ओठांवर आला. पण चुलते होते, आई होती, सगळे रडत होते आणि अशा खाटेपाशी बापाला शाब्बास म्हणणारी मुलगी कुणी पाहिली होती? तिने तो गिळला आणि मनगट आणखी घट्ट धरलं.

डॉक्टर आला. त्याने तपासलं, डोळे पाहिले आणि आईकडे वळून मान हलवली. चुलत्यांनी हंबरडा फोडला.

"नाही," उत्तरा म्हणाली. "नाडी लागतेय. मला लागतेय."

डॉक्टरने खाली वाकून तिच्या हाताकडे पाहिलं. मग त्याने तिची बोटं हळूच सोडवली. तेव्हा तिला दिसलं. तिचा अंगठा अण्णांच्या मनगटात रुतला होता.

दिवसकार्य झालं. अण्णांचा फोटो ठेवायला घरात दुसरं काही सापडलं नाही, म्हणून कुणीतरी तो बाक भिंतीशी लावून त्यावर फोटो ठेवला, हार घातला, शेजारी दिवा लावला. सगळे विधी संपले, चुलते गावी गेले, तरी फोटो बाकावरच राहिला. उत्तरा महाविद्यालयात जाईना. ती वाचायला बसायची आणि पान उलटायची विसरायची. धोंडूकाकांनी भजनाला जाणं सोडलं होतं. दारावरून जाताना ते घरात न बघता जायचे.

एका संध्याकाळी तिची वर्गमैत्रीण माणिक मालाडहून आली. माणिकला हळू बोलता येत नसे. आल्या आल्या तिने आईच्या पाया पडून घेतलं, डोळे पुसले आणि मग एकदम म्हणाली, "उत्तरा, पुढच्या गुरुवारी प्रॅक्टिकल आहे. तू येणार आहेस ना?"

उत्तराने हातातलं पुस्तक मिटलं.

"हे बघ, नाही आलीस तर वर्ष गेलं. मॅडमनी विचारायला पाठवलंय मला. आणि ऐक, या वेळी सगळी गंमत आहे. बाहेरचे परीक्षक येणार. माणसं तेच आणणार, उद्यानात फिरायला येणारी म्हातारी मंडळी. चिठ्ठी उचलायची. ओळखीचं, नात्यातलं कुणी निघालं तर परीक्षाच रद्द, आधी सराव करून घेतला असेल म्हणून. आणि ज्याचा माणूस मध्येच बसला त्याचे अर्धे गुण तिथेच गेले. म्हणजे आपण म्हाताऱ्यांना चढवायचं, यार! मी तर देव पाण्यात घालून बसलेय."

"मला नाही जमायचं, माणिक."

"का?"

उत्तराने बाकाकडे पाहिलं. माणिकनेही पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "तोच?"

उत्तराने मान हलवली.

आई आत चहा करत होती. सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, कप खाली ठेवले आणि सरळ बाकापाशी गेली. दिवा उचलून तिने कोनाड्यात ठेवला. फोटो उचलला, पदराने काच पुसली आणि माणिकच्या हातात दिला. "धर गो जरा. भिंतीला खिळा आहे तिथे लावू." मग बाक ओढत ओढत तिने गॅलरीत नेला.

"आई, काय करतेस?"

"ह्यो बाक फोटो ठेवायला नाय केला त्यांनी." आईने पदर खोचला, लुगड्याचा काष्टा वर ओढून घेतला आणि बाकासमोर उभी राहिली. "घड्याळ आण. माझी तपासणी कर. मी पण धडधाकट आहे."

उत्तरा तशीच उभी राहिली. आई एक पाय बाकावर ठेवून वाट बघत होती. "आण म्हटलं ना! जन्मभर तुम्ही दोघंच बोलत राहिलात, रक्त इकडे गेलं, घाम तिकडे वाळला. मला कुणी चढवलं नाय कधी."

माणिक फिसकन हसली आणि मग आपणच घाबरली. पण आई पण हसली होती. उत्तरा आत गेली आणि घड्याळ घेऊन आली.

"लय कोण देणार?" माणिकने विचारलं.

आईने शेजारच्या दाराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "धोंडूभावजी! टाळ घेऊन या."

दार बराच वेळ उघडलं नाही. मग उघडलं. धोंडूकाका टाळ छातीशी धरून बाहेर आले. कुणाकडे न बघता भिंतीला टेकून बसले. "गजर नाय करूचंय," ते म्हणाले. "त्याने सांगितलेला."

छन्, छन्, छन्, छन्. पोरं दारांतून डोकावली. शेवंतीमावशी आली. आई चढत होती, उतरत होती, लुगडं सावरत होती आणि पहिल्या मिनिटातच ओरडत होती, "अगो बाई, हे काय सोपं नाय!" तिसऱ्या मिनिटाला धोंडूकाकांचे डोळे मिटले, हात चढू पाहू लागले आणि त्यांनी दात आवळून ते आवरले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि टाळ मात्र एका लयीत होता. उत्तराने घड्याळावरून नजर वर केली. तिच्या आत काहीतरी पुन्हा चालू झालं होतं. तोच तो पहिल्या तासाचा प्रश्न: थांबल्यावरही धापा का लागतात? कारण शरीर मागचं देणं फेडत असतं. पळताना जी हवा पुरली नाही, ती थांबल्यावर भरून घ्यावी लागते.

रात्री जेवताना आई म्हणाली, "बोल. आज काय नवीन?"

गुरुवारी उत्तराने महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत पाय ठेवला. माणिक दोनदा पाणी प्यायला जाऊन आली होती. समोर बाक मांडलेला, टेबलावर मेट्रोनोम, भिंतीशी खुर्च्यांवर उद्यानातली दहा-बारा वयस्क मंडळी, कॅनव्हासचे बूट घालून, लग्नाला आल्यासारखी उत्साहात. बाहेरचे परीक्षक उंच होते, चष्म्याच्या वरून बघायचे. सुहासिनी मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी उत्तराला फक्त एकदा मान हलवून दाखवली.

उत्तराने चिठ्ठी उचलली. तिच्या वाट्याला श्यामसुंदर काका आले. निवृत्त हेडक्लार्क, पोट जरा सुटलेलं, तोंड सारखं चालू. "मुली, मी रोज सकाळी तासभर चालतो. म्हणजे अर्धा तास चालतो, अर्धा तास बोलतो. बघ बुवा, बसलो तर तुझे मार्क जातात म्हणे?"

"तुम्ही बसणार नाही, काका."

तिने त्यांना आधी नीट तपासलं. तीन बोटांनी नाडी पाहिली. छातीत कधी दुखतं का, चक्कर येते का, सगळं विचारलं. मग मेट्रोनोमला चावी दिली. "सुरू!"

टक, टक, टक, टक. काका चढू लागले. पहिलं मिनिट त्यांनी चक्क बोलत काढलं. दुसऱ्याला गप्प झाले. उत्तरा त्यांच्या ओठांचा रंग बघत होती, श्वास बघत होती, पावलं बघत होती. सगळं ठीक होतं. आणि तेवढ्यात मेट्रोनोम मंदावला, एकदा अडखळला आणि बंद पडला. चावी पुरी बसली नव्हती.

परीक्षकांनी पेन उचललं.

क्षणाचाही वेळ न घालवता उत्तराने टाळी धरली. एक, दोन, तीन, चार. तिला यंत्र आठवायची गरजच पडली नाही. तळहातांत गॅलरी होती. "वर, वर! खाली, खाली!" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. तिसरं मिनिट लागलं आणि तिचे हात चढू पाहू लागले. आता गजर, आता गजर. तिने धोंडूकाकांसारखेच दात आवळले आणि लय धरून ठेवली.

अर्धं मिनिट उरलं असताना काकांचं पाऊल जड झालं. "बस्स आता," ते पुटपुटले. "बस्स गं मुली."

तिने एका नजरेत पाहिलं. ओठ लाल होते. श्वास जोरात होता पण सरळ होता. पाय थकले नव्हते. माणूस कंटाळला होता. एक क्षण, आणि तो खाली बसेल. परीक्षकांचं पेन कागदावर टेकलं. तिने तोंड उघडलं आणि जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"चढा, अण्णा! चढा! आता सोडायचं नाही! अण्णा, थोडंच राहिलंय, वर, वर!"

पलीकडच्या भिंतीवर तो आवाज आपटला. खुर्च्यांवरची मंडळी ताठ झाली. श्यामसुंदर काकांनी दचकून वर पाहिलं, मान झटकली आणि त्यांचं पाऊल ठाण्कन बाकावर पडलं. वर, वर. खाली, खाली. सगळी व्यायामशाळा टाळ्यांनी लय धरू लागली. माणिक किंचाळत होती. "थांबा!" उत्तरा ओरडली आणि काका धप्पकन बसले, घामाघूम, लालबुंद, हसत. "झालं? खरंच झालं?"

तिची तीन बोटं केव्हाच त्यांच्या मनगटावर होती. तिने मोजलं, आकडा खणखणीत आवाजात सांगितला, थांबली, पुन्हा मोजलं. नाडी उतरत होती. स्वच्छ, दुसऱ्या माणसाची नाडी. तिची नव्हे.

"एक मिनिट," परीक्षक म्हणाले. ते टेबलामागून उठून जवळ आले होते. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुम्ही ह्यांना अण्णा म्हणालात. हे तुमचे वडील आहेत?"

"अहो, काहीतरीच काय?" श्यामसुंदर काका धापा टाकत म्हणाले. "मला तीन मुलगे. तिघंही मला चार पायऱ्या चढवत नाहीत. अशी मुलगी असती तर हे पोट सुटलं असतं का?"

"मी कुमारी घाडींना विचारतोय."

"नाही, सर," उत्तरा म्हणाली. "आमची ओळख आत्ताच झाली."

"मग अण्णा कोण?"

कोपऱ्यातून मॅडम पुढे येऊ लागल्या. उत्तराने हातानेच त्यांना थांबवलं.

"माझे वडील. ही चाचणी मी त्यांच्यावरच शिकले. शेवटी लय फार चढली होती, तरी ते थांबले नाहीत." तिने श्वास घेतला. "ते गेले, सर. त्यांना एक म्हणायचं राहिलं होतं. म्हणून तोंडातून नाव गेलं."

परीक्षकांनी चष्मा काढला. हातातलं पेन त्यांनी खिशाला लावलं. "काय राहिलं होतं?" त्यांनी विचारलं, आणि आता तो परीक्षेतला प्रश्न नव्हता.

उत्तरा सरळ उभी राहिली. मान वर केली. मॅडमनी वर्षभर सांगितलं होतं तसा, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत, बापाला कधी कुणी म्हणत नाही तो शब्द तिने मोठ्याने म्हटला.

"शाब्बास, अण्णा!"